बुर्ज खलिफा, १२४वा मजला : तिकीट काढायच्या आधी सूर्य किती वाजता बुडतो ते बघा

आधीच सांगून टाकतो, जागा एक नंबर आहे, तक्रार जागेबद्दल अजिबात नाही. तक्रार आहे आमच्या तिकिटावरच्या टायमाबद्दल, आणि त्यात निम्मी चूक आमचीच म्हणा, कारण तिकीट हातात आलं तेव्हा आम्ही नाव, तारीख, पासपोर्ट नंबर सगळं तीन-तीनदा तपासलं आणि वेळ काय लिहिलीय ती नुसती वाचली. वाचली म्हणजे वाचलीच फक्त, डोकं काही चालवलं नाही.

झालं असं की दिवाळीनंतरच्या आठवड्यात सोलापुरातनं आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि चौथीतली पोरगी, दुबईला गेलो. मेव्हणा शारजाला असतो म्हणून राहायची काळजी नव्हती, बाकीचं इथल्याच एका एजंटाकडनं करून घेतलं, नाव घेत नाही, ओळखीतला माणूस आहे. त्याला मी एकच गोष्ट बजावून सांगितली होती की बाकी काही पण कर, पण बुर्जचं तिकीट सूर्यास्ताचं पाहिजे. तो म्हणाला सनसेट स्लॉट महाग असतो ओ, मी म्हणलं असू दे, आई परत थोडीच येणारे. त्याप्रमाणे जास्तीचे पैसे भरले आणि तिकीट आलं संध्याकाळी साडेसहाचं. मला वाटलं बरोबर आहे, साडेसहा म्हणजे संध्याकाळच की.

दुबईत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला तिकीट दाखवलं तर तो बघतच बसला. म्हणाला, "दाजी, इथं आत्ता पावणेसहाच्या आत सूर्य बुडतोय. साडेसहाला तुम्ही वर काय बघणार, चांदण्या?"

तर मंडळी, ह्या सगळ्या लिखाणातलं एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल. दुबईत जूनमधे सूर्य सातच्या पुढं मावळतो आणि डिसेंबरमधे साडेपाचच्या आसपास, म्हणजे मधे दीड-पावणेदोन तासाचा फरक पडतो. तिकीट मिळतं ते ठरावीक वेळेचं, आणि ती वेळ म्हणजे खाली गेटवर हजर व्हायची वेळ, वर पोचायची नाही. रांग, बॅगा तपासणी, परत रांग, लिफ्ट, असं करत वर जायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून सूर्यास्त बघायचाच असेल तर त्या दिवशीची मावळायची वेळ मोबाईलवर बघा आणि त्याच्या निदान एक तास, गर्दीचे दिवस असतील तर सव्वा तास आधीचा स्लॉट घ्या. आमच्यासारखं 'सनसेट स्लॉट' ह्या शब्दावर जाऊ नका. ती महागडी वेळ पुढं-मागं बरीच लांबलेली असते, त्यात सूर्य असेलच असं नाही.

वर जखमेवर मीठ चोळल्यासारखं एक ऐकलं ते पण सांगतो. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतो, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. तिथं आमच्या युनिटला एक चाचा आहेत, त्यांचा पुतण्या दुबईत. मी निघायच्या आधी त्यांनी सांगितलं होतं की त्या इमारतीत रमजानला रोजा सोडायची वेळ मजल्याप्रमाणे बदलते. मला वाटलं गंमत करतायत. पण खरं आहे, तिथल्या मुफ्तींनीच सांगितलेलं आहे, ८० मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा आणि १५० च्या वर असतील त्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडायचा, कारण एवढ्या उंचावरनं सूर्य खालच्यापेक्षा उशिरा बुडताना दिसतो. म्हणजे विचार करा, लोकांना जमिनीवर दिसतो त्यापेक्षा दोन मिनिटं जास्तीचा सूर्यास्त जिथं मिळतो त्या जागेला आम्ही पैसे भरून गेलो आणि अंधारात पोचलो.

आता जायचं कसं ते. सोलापूरला विमान चालू झालंय हे खरं, २०२५ मधे आधी गोवा आणि मग मुंबई, पण आमची वेळ जुळत नव्हती आणि सामान पण लय होतं, म्हणून आपली नेहमीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, रात्री बसलं की सकाळी मुंबई. वंदे भारत पण आहे सकाळची, ती दुपारी पोचवते, रात्रीचं विमान असेल तर ती पण बरी. सामानाचं म्हणाल तर शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेतलीच होती, त्याशिवाय आमच्या आईचा पाय घरातनं निघत नाही. पण एक महत्त्वाचं, दिवाळीचा फराळ नेणार असाल तर अनारसे घरी ठेवा. खसखस तिकडं चालत नाही, बंदी आहे, चिमूटभर पण नको. आमच्या आईनं आदल्या रात्री डब्यात रचून ठेवलेले अनारसे शेवटी शेजारच्यांनी खाल्ले आणि आई कल्याण येईपर्यंत त्यावरनंच बोलत होती, "देवाच्या नैवेद्याचं पण ह्यांना चालेना का?"

बुर्जमधे शिरायचा रस्ता बुर्जच्या दारातनं नाही, शेजारच्या दुबई मॉलमधनं आहे, सगळ्यात खालच्या मजल्यावरनं, ज्याला ते एलजी म्हणतात. हे माहीत नसलं की माणूस बाहेर इमारतीभोवती चकरा मारत बसतो. मेट्रोनं जायचं तर रेड लाइनचं स्टेशनच त्या नावाचं आहे, पण स्टेशनपासून मॉलपर्यंत जो एसी पूल आहे तो ८०० मीटरच्या वर लांब आहे. मधे मधे सरकते पट्टे आहेत, तरी गुडघेवाल्या माणसाला तो पूल आणि त्यानंतरचा मॉल म्हणजे देवदर्शनाआधीच परिक्रमा होते. आईला घेऊन आम्ही तेच केलं आणि पस्तावलो. येताना टॅक्सी केली. मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, १०० दिरहम दंड, म्हणून पोरांच्या हातातलं बिस्किट आधी काढून घ्या. पाणी प्यायलं तरी चालत नाही.

गेटवर सगळं शिस्तीत आहे. बॅगा मशीनमधनं जातात, मग एका ठिकाणी हिरव्या पडद्यापुढं उभं करून घरातल्या सगळ्यांचा फोटो काढतात, तो नंतर मागं बुर्ज वगैरे लावून विकायला असतो, घ्यायचा का नाही आपली मर्जी. आम्ही नाही घेतला. आईचे डोळे मिटलेले होते. रांगेच्या बाजूनं भिंतींवर बांधकामाची सगळी माहिती लावलीय ती मात्र वाचा, तेवढाच वेळ पण जातो. लिफ्टमधे आत अंधार करतात, भिंतीवर चित्रं हलतात, आणि एका मिनिटात १२४. सेकंदाला १० मीटर वेग आहे. कानाला दडे बसतात, पोरगी म्हणाली विमानासारखं झालं, आणि आई तर लिफ्ट चालू व्हायची वाट बघत माझा दंड घट्ट धरून उभी होती, दार उघडलं तरी तिला पटेना की आलो. आमच्या सोसायटीच्या लिफ्टला चार मजल्याला ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मधे लाइट गेली तर विचारूच नका.

वर काय दिसतं? रात्री दिवे दिसतात. हे मी चिडून म्हणत नाही, खरंच दिवेच दिसतात, आणि ते बघण्यासारखे आहेत हे पण खरंय. शेख झायेद रोड एका बाजूला लाल आणि एका बाजूला पांढरा, गाड्या हलतायत हे कळत नाही, नुसती दोन रंगाची नाडी सरकतेय असं वाटतं. त्याच्यापलीकडं एकदम काळं, तो समुद्र. खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, ते शिडाच्या आकाराचं हॉटेल, हे सगळं मेव्हणा बोट करून दाखवत होता आणि आम्ही हो हो म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर अंधारात एक दिव्यांचा पुंजका आणि दुसरा पुंजका ह्यात आम्हाला काही फरक कळला नाही. दिवसा वाळवंट कुठं संपतं आणि शहर कुठं चालू होतं ती रेघ दिसते म्हणे. ती बघायची राहिली.

रात्रीचा अजून एक घोळ म्हणजे काच. आतले दिवे, आतली माणसं, आपलंच पोट, सगळं काचेत दिसतं आणि फोटोत दुबईच्या डोक्यावर आपली टोपी येते. ह्याच्यावर मी उपाय काढला तो सांगतो. आमच्या धंद्यातला माणूस कुठं पण गेला तरी जवळ एक नॅपकिन असतोच, आपला सोलापुरी, गडद निळा. तो मोबाईलच्या भोवती गुंडाळून तंबूसारखा काचेला टेकवला, आत फक्त कॅमेऱ्याची भिंगं राहतील एवढी जागा ठेवली. फोटो एकदम साफ आला. शेजारी एक केरळी जोडपं होतं, ते कितीतरी वेळ झटत होते, त्यानं हातानंच विचारलं देता का म्हणून, दिला, मग त्याच्या मागं उभ्या असलेल्यानं मागितला. दहा मिनिटं आमचा नॅपकिन १२४व्या मजल्यावर फिरत होता. परत आला तेव्हा त्याला कुणाच्या तरी अत्तराचा वास. गडद रंगाचा घ्या पण, पांढरा नॅपकिन उलटा उजेड मारतो. आणि हे जमत नसेल तर १२४ लाच बाहेरची एक गच्ची आहे, तिथं काचांच्या मधे फट ठेवलीय, त्या फटीतनं मोबाईल धरून फोटो काढता येतो, फक्त तिथं नंबर लावावा लागतो आणि मोबाईल घट्ट धरा, वारं असतं.

आई बाकावर टेकली होती. तिला मी विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाली, "एवढ्या घरातल्या बाया धुणं कुठं वाळत घालत असतील रे?" मला हसू आलं, पण मग मी पण खाली बघितलं, तर खरंच शहरभर एक दोरी दिसत नव्हती. आमचा सगळा जन्म टॉवेल वाळताना बघण्यात गेला.

मग ती गोलघुमटावर गेली. म्हणजे बोलता बोलता. सोलापूरच्या माणसाचं उंचावर चढून बघायचं पहिलं ठिकाण विजापूरचंच असतं, शाळेची सहल दुसरी कुठं जात नव्हती, इथनं शंभर एक किलोमीटर. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले त्या अरुंद अंधाऱ्या जिन्यानं चढायचे, पुढच्याच्या चपला डोळ्यापुढं, आणि वर घुमटाच्या आतल्या सज्जात जाऊन टाळी वाजवायची, ती एक टाळी सात-सात वेळा परत यायची. आई सांगत होती की तिच्या मैत्रिणीनं तिथं भिंतीला तोंड लावून मास्तरांचं टोपणनाव कुजबुजलं आणि पलीकडं मास्तरच उभे. हे पोरीनं ऐकलं आणि लगेच दोन्ही हात वर करून तिथं टाळी वाजवली. काही झालं नाही. दोन-तीन लोकांनी वळून बघितलं. आई म्हणाली, "एवढे पैसे घेतले आणि आवाज पण येईना."

पण उंचीचं म्हणाल तर डोक्यात बसायला वेळ लागतो. ८२८ मीटर म्हणजे किती, आकडा नुसता ऐकून कळत नाही. मला कळलं ते चिमणीवरनं. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी, विमानतळाला आड येते म्हणून जून २०२३ ला पाडली ती, नव्वद मीटरच्या आसपास होती. होटगी रोडनं येताना लांबनं दिसायची, आम्हाला त्याच्यापेक्षा उंच काही माहीतच नव्हतं. तशा नऊ चिमण्या एकावर एक. आपण उभं राहतो तो १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे, म्हणजे पाचव्या चिमणीच्या टोकावर, आणि अजून चार चिमण्या आपल्या डोक्यावर असतात. मी वर मान करून बघितलं, काही दिसलं नाही, पण हे डोक्यात आल्यावर पायाखाली जरा वेगळं वाटायला लागलं.

ते उभं कसं राहिलंय ते पण वाचलं भिंतीवर. वरनं बघितलं तर तीन पाकळ्यांचा आकार, मधे एक जाड खांबासारखा गाभा आणि तीन बाजूंनी तीन पंख त्याला टेकू देतात, तिघं मित्र खांद्याला खांदा लावून उभे राहिले की ढकलता येत नाही तसं. आणि पंख एकदम सगळे कमी होत नाहीत, पाळीपाळीनं एकेक पायरी मागं सरत जातात, म्हणजे प्रत्येक उंचीला आकार वेगळा आणि वाऱ्याला एका सुरात धक्के देता येत नाहीत. काँक्रीट उन्हाळ्यात रात्री ओतायचे, त्यात बर्फ घालून. हे वाचून मला आमच्या गल्लीतला स्लॅब आठवला, मे महिन्यात ४३ डिग्रीला भर दुपारी टाकलेला, पहिल्याच पावसात गळला. २००४ ला काम चालू, ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन, आणि उद्घाटनापर्यंत नाव बुर्ज दुबई होतं, त्या दिवशी बदलून अबूधाबीच्या शेखांचं लावलं. मेव्हणा म्हणाला पैसे अडले होते तेव्हा अबूधाबीनं हात दिला. म्हणजे देणगीदाराचं नाव फरशीवर कोरायची पद्धत सगळीकडं सारखीच.

मेव्हणा तिथं सहा-सात वेळा जाऊन आलाय, पाहुणा आला की न्यावंच लागतं, त्यामुळं त्याचं म्हणणं माझ्यापेक्षा वजनदार आहे. तो सांगतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते, उन्हाळ्यात दमट आणि धुळीची, तेव्हा वरनं सगळं दुधी काचेतनं बघितल्यासारखं दिसतं, सकाळी गर्दी कमी आणि तिकीट पण स्वस्त, पण हिवाळ्यात एखाद्या सकाळी धुकं असतं ते नशीब. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्यात साफ. तिकिटाचे भाव बदलत राहतात, अंदाज द्यायचा तर १२४-१२५ चं साध्या वेळेचं तिकीट दीडशे ते दोनशे दिरहमच्या मधे धरा, सूर्यास्ताच्या आसपासचं त्याच्या बरंच वर, आणि आम्ही गेलो तेव्हा दिरहमला २४ रुपयांच्या आसपास पडत होते. चार वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नाही. आधी ऑनलाइन काढा, चांगले स्लॉट आधी संपतात.

१४८ चं पण तिकीट असतं, ५५५ मीटरवर, तिथं बसायला सोफे, खजूर, कॉफी, वेगळी लिफ्ट, माणूस बरोबर येऊन माहिती देतो. दाम दुपटीच्या पुढं. मेव्हण्याला त्याच्या साहेबानं एकदा नेलं होतं. मी विचारलं फरक काय, तर म्हणाला, "कॉफी बरी होती." हवेत धूळ असेल तर शंभर मीटर वर जाऊन काही जास्तीचं दिसत नाही. माझं मत, साध्या माणसाला १२४-१२५ भरपूर झालं. १२५ ला मोठा गोल फेरा आहे, सगळ्या बाजूंनी बघता येतं, दोन्ही मजल्यांना आतनं जिना आहे. वर किती वेळ थांबलात म्हणून आम्हाला कुणी हटकलं नाही, दीड तास होतो.

उतरायला संध्याकाळी रांग असते, म्हणून पोरांचं सगळं उरकून मगच रांगेत लागा. खाली आलं की मॉलच्या मागं तळ्यात कारंजी, संध्याकाळी दर अर्ध्या तासाला, फुकट. २०२५ मधे पाच महिने दुरुस्तीला बंद होती, ऑक्टोबरपासून परत चालू झाली, आमचं नशीब. वरनं तीच कारंजी बघितली होती तेव्हा रांगोळी हलल्यासारखी दिसत होती, खालनं बघताना पाणी दीडशे मीटरच्या जवळपास उडतं आणि तोंडावर तुषार येतात. आईला हे जास्त आवडलं. तिनं तीन वेळा बघितलं, आणि म्हणाली आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूसारखं आहे, फक्त धूर नाही.

परत आल्यावर एजंटाच्या ऑफिसात गेलो, नवी पेठेत. भांडायला नाही, पण सांगायला पाहिजेच होतं. तो शांतपणे फाइल काढून बघितला आणि म्हणाला, जूनमधे एका पार्टीला हाच साडेसहाचा स्लॉट दिला होता ओ, ते लय खूश होऊन आले, म्हणून तुम्हाला पण तोच टाकला. मी म्हणलं अहो जूनमधे तिथं सव्वासातला मावळतो, आत्ता पावणेसहाच्या आत. तो जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "म्हंजे सूर्य तिकडं पण टाइम बदलतो का?" आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं जानेवारीचं बुकिंग स्क्रीनवर उघडंच होतं, त्यात साडेसहा लिहिलेलं, ते खोडून त्यानं आमच्यासमोर साडेचार केलं.